फोटोत न दिसणारी रात्र : एका ग्लॅम्पिंग मुक्कामाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच घरचं आहे, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही. पण परतल्यावर मी सगळं क्रमानं लिहून काढलं. बुकिंगच्या पानाच्या प्रती, रात्रीचे फोटो आणि त्यांच्या वेळा, आईच्या घड्याळातले तापमानाचे आकडे, सगळं एकत्र ठेवलं. ते पुन्हा पुन्हा वाचताना माझा सुरुवातीचा राग बराचसा बदलला. तिथली माणसं वाईट नव्हती. एकूण एक निर्णय मात्र फोटो कसा येईल ते पाहून घेतला होता, आणि रात्र कशी जाईल याचा विचार कुणी केला नव्हता.

आम्ही पाच जण. माझी आई, वय 72, दोन्ही गुडघे दुखरे. नवरा आणि मी. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. बेत मुळात आईसाठी होता. नातवंडांसोबत एकदा उघड्यावर झोपायचं, असं ती खूप दिवस म्हणत होती. जमिनीवर झोपणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ग्लॅम्पिंग : खरे पलंग, जाड गाद्या, तंबूत वीज. हॉटेलच्या खोलीला पडले असते त्याच्या जवळपास दुप्पट पैसे देऊन आम्ही दोन रात्री घेतल्या. एकच रात्र राहिलो.

कबूल काय होतं

बुकिंगच्या पानावर चार गोष्टी ठळक होत्या. तंबू सहा जणांसाठी. तंबू ‘ऊबदार’, आणि शेजारी लाकडं जळणाऱ्या लोखंडी शेगडीचा फोटो. स्वच्छतागृह ‘जवळच’. आणि रात्री ‘ताऱ्यांनी भरलेलं आकाश’. माझ्या मुलीनं हे शेवटचं वाक्य वाचून आठवडाभर नक्षत्रांचा तक्ता तयार केला होता.

चारही वाक्यं धडधडीत खोटी म्हणता येत नाहीत, आणि तक्रार करताना मला सगळ्यात जड गेलं ते हेच. एकेक सांगते.

सहा जणांचा तंबू म्हणजे पाच मीटर व्यासाचा गोल, मधोमध खांब असलेला, शंकूसारखा वर जाणारा. क्षेत्रफळ काढलं तर साडेएकोणीस चौरस मीटरच्या वर येतं, म्हणजे चांगल्या मोठ्या खोलीएवढं. पण खोलीची भिंत सरळ असते. इथे कडेला कापडाची उंची पाऊण मीटर आणि मध्ये तीन मीटर. मी नंतर कागदावर आकृती काढून पाहिली : 1.6 मीटर उंचीच्या माणसाला ताठ उभं राहता येईल अशी जागा जेमतेम साडेसात चौरस मीटर भरते. उरलेल्या भागात वाकूनच वावरायचं. त्या साडेसातातही मधला खांब, जोडपलंग, आरसा आणि सजावटीची शेगडी. मुलांच्या खाटा म्हणून अगदी कडेला, कापडाला टेकवलेल्या. फोटो दारातून रुंद लेन्सनं काढला होता. तशा लेन्समध्ये जवळची जमीन पसरते आणि कडा लांब जातात, त्यामुळे खोली खरी असते त्याहून ऐसपैस वाटते.

‘सजावटीची’ शेगडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. फोटोत ती पेटलेली होती. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या पोटात दिव्यांची माळ गुंडाळून ठेवली होती आणि धुराडं छतापर्यंत पोचतच नव्हतं. पेटवायची नाही, असं सांगण्यात आलं. मग ऊब कशानं? प्रत्येकी दोन ब्लँकेटं.

जागेची निवड

तंबू बारा होते. सगळे एका खोलगट कुरणात, ओढ्याच्या काठाला अर्धवर्तुळात. दिसायला अप्रतिम, हे मी आजही म्हणेन. आई गाडीतून उतरून दोन मिनिटं नुसती पाहत उभी राहिली होती. गाड्यांची जागा, स्वच्छतागृह आणि ऑफिस वरच्या सपाटीवर, कारण रस्ता आणि पाण्याची पाइप तिथवरच होती. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी पावलं मोजली : आमच्या तंबूपासून स्वच्छतागृह साधारण 140 मीटर, आणि वाट सतत चढाची.

खोलगट जागेत झोपण्याचा अर्थ मला तेव्हा नीट माहीत नव्हता. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. जमिनीला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असते, आणि ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साठते. दऱ्यांमध्ये पहाटे धुकं बसलेलं दिसतं त्यामागे हेच कारण असतं. आईच्या प्रवासी घड्याळात तापमान दिसतं. रात्री नऊला तंबूत 16 अंश होते, पहाटे साडेचारला 7. त्यानंतर थोड्याच वेळानं वरच्या सपाटीवर गाडी सुरू केली तेव्हा डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान 11 दिसलं. दोन्ही यंत्रं काही प्रयोगशाळेची नाहीत. पण चढावर चालत गेलं की हवा ऊबदार होत जाते, हे अंगालाही स्पष्ट कळत होतं.

म्हणजे तेच तंबू वर लावले असते, तर रात्र थोडी ऊबदार झाली असती आणि स्वच्छतागृहही जवळ आलं असतं. मात्र पार्किंगशेजारच्या तंबूचा फोटो तसा आला नसता.

रात्र

संध्याकाळी आठच्या सुमारास मुलगी मला हळूच म्हणाली, “आई, आजीनं पाण्याला हातच लावला नाही.” मी बाटली पुढे केली तर आई म्हणाली, “तहान नाही गं.” मला समजायला अर्धा मिनिट लागलं. रात्री तो चढ पुन्हा चढावा लागू नये म्हणून तिनं दुपारपासून पाणी तोडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. दुखरे गुडघे असलेल्या माणसासाठी 140 मीटर म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं, आणि बुकिंग करताना मी अंतर विचारलं नव्हतं हेही. पानावर ‘जवळच’ लिहिणाऱ्यांच्या चुकीइतकीच ही माझी चूक होती.

एकदा तरी जावं लागलंच. वाटेवर एकही दिवा नव्हता. तंबूंचे ताणाचे दोर वाटेच्या अगदी कडेपर्यंत आलेले, पांढऱ्या मातीवर पांढरे दोर. नवऱ्यानं आईचा दंड धरला होता म्हणून ती पडली नाही. पाय मात्र अडकला. एवढ्या अंधारात एकच मोठा पांढरा फ्लडलाइट रात्रभर चालू होता, तो प्रवेशाच्या कमानीवर, आणि त्याचं तोंड तंबूंकडे. मुलीच्या ताऱ्यांचं काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि तसा एक दिवा नजरेत आला की ती सगळी मेहनत क्षणात जाते. तिनं तक्ता उघडला, तंबूच्या सावलीत उभी राहून ठळक असे सात-आठ तारे मोजले आणि तक्ता परत घडी करून ठेवला. दिवा अर्धा तास बंद करता येईल का, असं विचारलं. त्याचं बटण ऑफिसात होतं आणि ऑफिसला कुलूप होतं.

शॉवरबद्दल थोडक्यात. चार तंबूंमागे एक न्हाणी, तिथे 15 लिटरचा गिझर. 60 अंशांचं 15 लिटर पाणी गार पाण्यात मिसळून अंघोळीजोगं केलं तर साधारण 27 लिटर होतं, म्हणजे सामान्य शॉवरखाली तीन-साडेतीन मिनिटं. पुन्हा तापायला दोन किलोवॉटच्या गिझरला पंचवीसेक मिनिटं. आमचा नंबर चौथा होता.

अकरानंतर थंडी वाढली. मुलांच्या खाटांवर हवा भरलेल्या गाद्या होत्या. त्या मऊ असतात आणि फोटोत गुबगुबीत दिसतात, पण ऊब राखण्याच्या कामी फार कमी पडतात. आतली हवा मोकळी असते, ती फिरत राहते आणि अंगाची उष्णता खाली नेऊन सोडते. गिर्यारोहक वापरतात त्या गाद्यांवर उष्णतारोधाचा आकडा छापलेला असतो आणि तो मोजण्याची प्रमाणित पद्धतही आहे. इथे तसलं काही नव्हतं. मुलगा दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत होता. दोन वाजता नवऱ्यानं त्यातलं एक काढून त्याच्या अंगाखाली अंथरलं, आणि पंधरा मिनिटांत पोराचं कुडकुडणं थांबलं. वर पांघरूण वाढवत राहण्यापेक्षा खालून थंडी अडवली पाहिजे, हे तिथल्या एका तरी माणसानं चादरी देताना सांगायला हवं होतं.

मग ओल. झोपण्यापूर्वी कर्मचाऱ्यानं आम्हाला तंबूच्या सगळ्या खिडक्या आणि वरचे झरोके बंद करायला सांगितले, ऊब राहावी म्हणून. सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण श्वास आणि त्वचेतून, घाम न येताही, मोठ्या माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण 800 मिलीलीटर पाणी वाफ होऊन जातं. मुलांचं थोडं कमी धरलं तरी पाच माणसं, आठ तास : लिटरभर पाणी तंबूच्या हवेत. 20 अंशांची हवा एका घनमीटरात साधारण 17 ग्रॅम वाफ धरू शकते, 10 अंशांची जेमतेम साडेनऊ. उरलेलं पाणी सगळ्यात गार पृष्ठभागावर, म्हणजे कापडावर, थेंब होऊन बसतं. बाहेरून दवही होतंच. सुती कॅनव्हासचा आणखी एक स्वभाव असा की ओलं असताना आतून त्याला काही टेकलं तर त्या जागी पाणी आत झिरपतं. मुलाची खाट कडेला टेकलेली होती. तीन वाजता त्याची उशी आणि पांघरुणाची एक बाजू ओली होती.

ती शेगडी

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि परीक्षणात एखाद्यानं बहुधा तो लिहिलाच नसता, कारण त्यात काही घडलं नाही.

साडेअकराला मी रात्रपाळीच्या मुलाला फोन केला. वीसेक वर्षांचा असेल. हीटर आहे का, विचारलं. नव्हता. जादा ब्लँकेट? संपलेली. त्याच्या आवाजातच कळत होतं की त्याला वाईट वाटतंय. दहा मिनिटांनी तो स्वतः खाली आला, दोन्ही हातांत जाड फडकं धरून, आणि त्यात लोखंडी घमेलं. घमेल्यात शेकोटीतले लालभडक निखारे. “आजींसाठी आणलंय. आत ठेवा, धूर येत नाही.”

धूर येत नाही, हीच भीती आहे. कोळशाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. ज्वाळा विझल्यावरही निखारे तो सोडत राहतात. तंबूत आणलेल्या शेगड्यांनी कुटुंबंच्या कुटुंबं झोपेत गेल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडल्या आहेत. आणि आमच्या तंबूचे सगळे झरोके त्याच्याच सांगण्यावरून बंद होते.

मी ते घमेलं दारातूनच परत पाठवलं. रागावले नाही. कारण समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आदल्या आठवड्यात त्यानं दुसऱ्या एका तंबूत असंच घमेलं दिलं होतं. ते लोक सकाळी ठीक होते, असं तो दोनदा म्हणाला.

त्या मुलाचं मन चांगलं होतं. बारा तंबूंत त्याच्याइतकी कळकळ कुणी दाखवली नाही. पण त्याच्या हाती मालकानं काही दिलं नव्हतं. ना हीटर, ना जादा पांघरूण, ना वायूचा इशारा देणारं यंत्र, ना दोन वाक्यांची सूचना. कळकळीला साधन मिळालं नाही, म्हणून ती निखाऱ्यांकडे वळली. दिव्यांच्या माळांवर झालेल्या खर्चाच्या एका हिश्शात प्रत्येक तंबूत तसं यंत्र बसलं असतं.

पहाटे पावणेपाचला आई उठून बसली. “अगं, मी गाडीतच टेकते जरा. पोरांना उठवू नकोस.” मी तिला वर नेलं, गाडी काही मिनिटं सुरू करून गरम केली, सीट मागे केली. उजाडेपर्यंत ती तिथेच होती. नातवंडांसोबत उघड्यावर झोपायची तिची रात्र तिनं पार्किंगमध्ये एकटीनं संपवली. ओलं पांघरूण सुकलं, पैशांचं पुढे पाहिलं गेलं, पण याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

काय करता आलं असतं

तंबूत राहणं म्हणजे सोसणं, हे मला मान्य नाही. मंगोलियातल्या गेरमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक गोल तंबूघरात, माणसं उणे 30 अंशांच्या हिवाळ्यात राहतात. ते घर बांधण्याच्या पारंपरिक कारागिरीचा 2013 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. त्याच्या भिंतीत नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, थर असतात. मधोमध चूल, आणि तिचं धुराडं थेट छताबाहेर. तंबूत खरोखर आयुष्य काढणाऱ्या लोकांनी आपली मेहनत भिंत, चूल आणि धुराडं यांत घातली आहे.

आमच्या कॅम्पसाइटला इतकं करायची गरजच नव्हती. तंबूत विजेचं कनेक्शन होतं. गादीवर अंथरायच्या विजेच्या उबदार चादरीला साधारण शंभर वॉट लागतात. पाच चादरींना पाचशे, म्हणजे एका साध्या खोली-हीटरच्या चौथ्या हिश्शाएवढी वीज. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या त्याहून सोप्या. वरचे झरोके उघडे ठेवायला सांगणं, खाटा कापडापासून वीतभर दूर ठेवणं, दोरांना चमकणाऱ्या पट्ट्या, वाटेवर जमिनीलगत मंद दिवे, हे सगळं एका आठवड्याचं काम. एखाद-दोन तंबू वर सपाटीवर हलवून ते वयस्कर पाहुण्यांसाठी राखता आले असते. आणि पानावर ‘जवळच’ऐवजी ‘140 मीटर, चढ’ एवढं लिहायला तर काहीच लागत नाही. ते वाचलं असतं तर मी आईला तिथे नेलं नसतं. त्यांचं एक बुकिंग बुडालं असतं, हेही खरं.

आमच्या बाजूनं काय राहिलं तेही लिहिते, कारण नाहीतर हा अभ्यास अर्धा राहील. तंबू कोणत्या पातळीवर आहे, टॉयलेट किती पावलांवर आहे, ऊब नेमकी कशानं मिळते आणि रात्री दोन वाजता फोन केला तर माणसाकडे द्यायला काय असतं, हे चार प्रश्न मी एका फोनवर विचारू शकले असते. मी फोटो पाहिले, आईला दाखवले, आणि आम्ही दोघी खूश झालो.

तक्रार आणि तिचं पुढे

सकाळी मॅनेजरना भेटलो. ते सौम्यपणे म्हणाले, “निसर्गात आल्यावर थोडं चालायचंच.” मी वाद घातला नाही. घड्याळाच्या आकड्यांचे फोटो, ओल्या उशीचा फोटो आणि त्यांच्याच पानावरचा पेटलेल्या शेगडीचा फोटो शेजारी ठेवून दाखवला. मग सूर बदलला. दुसरी रात्र रद्द करून तिचे पैसे परत देण्याचं त्यांनी तिथेच मान्य केलं. सहा दिवसांनी ते आलेही.

घरी आल्यावर मी लेखी तक्रार पाठवली. ती तीनच मुद्द्यांची ठेवली. पहिल्या रात्रीच्या भाड्याचा काही भाग परत. पानावरची माहिती दुरुस्त. आणि निखाऱ्यांची घमेली तंबूत द्यायची नाहीत असा लेखी नियम, प्रत्येक तंबूच्या दाराशी लावलेला, शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र. त्या मुलाचा उल्लेख मी ‘कर्मचारी’ एवढाच केला आणि त्याच्यावर कारवाई होऊ नये असं स्पष्ट लिहिलं.

पहिल्या मुद्द्यावर आठवड्याभरात निम्मं भाडं आलं. दुसऱ्यावर पान बदललं : आता तिथे स्वच्छतागृहाचं अंतर आणि चढ लिहिलेला आहे, शेगडीच्या फोटोखाली ‘सजावटीसाठी’ असा शब्द आला आहे. ताऱ्यांचं वाक्य तसंच आहे. तिसऱ्या मुद्द्याला एका ओळीचं उत्तर आलं, ‘कर्मचाऱ्यांना तोंडी सूचना दिल्या आहेत.’ मी परत विचारलं की हंगामात माणसं बदलतात, मग तोंडी सूचना पुढच्या मुलापर्यंत कशी पोचणार. त्याला तीन आठवडे झाले, उत्तर नाही. काल मी तिसऱ्यांदा पत्र पाठवलं आहे, या वेळी सोबत त्या भागातल्या अग्निशमन विभागालाही प्रत जोडून.